स्टुलावरची हवालदार

आमच्या संस्थेत पोलीस ठाण्यांवर लक्ष ठेवण्याचं काम करता करता मला एक खोड लागली आहे. कुठल्याही ठाण्यात गेले की मी आधी माणसांकडे नाही, छताकडे बघते. कॅमेरा आहे का, चालू आहे का, भिंतीकडे तोंड करून तर बसवलेला नाही ना! कोठडीत कुणाला मारहाण झाली, की नेमका तेव्हाच कॅमेरा बंद होता, हे मी इतक्यांदा ऐकलंय.

परवा एका ठाण्यात शिरले, तर एक महिला हवालदार स्टुलावर चढून कोठडीसमोरच्या कॅमेऱ्यावर फडकं धरून उभी. मी काही विचारलंच नाही. वही काढली आणि लिहून टाकलं, ‘कॅमेरा झाकलेला.’

तेवढ्यात तिनं वरूनच हाक मारली, “शिंदे, दिसतंय का आता?”

“अजून धुरकट आहे, मॅडम,” आतून, कॅमेऱ्याच्या मॉनिटरसमोरून उत्तर आलं.

तिनं काचेवर फुंकर मारली, चष्मा पुसावा तशी ती पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “कोळ्यानं जाळं केलं होतं हो. उद्या इथं काही झालं, तर खरं काय ते दिसायला नको?”

मला एकदम हलकं वाटलं, आणि मागोमाग लाजही वाटली. वर्षानुवर्षं आम्ही हेच तर मागत होतो. ते समोर घडत असताना मला दिसलं फक्त फडकं.

“दिसतंय, आता स्वच्छ दिसतंय!” आतून शिंदे ओरडले. “एक ताई उभ्या आहेत. वहीत काहीतरी खोडतायत.”