चांदणीवर चांदणी

"लिहिलं की खोडायचं नाही," असं म्हणत काका पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे आणि वहीत स्कोअरचा आकडा टाकायचे. अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेस तुम्ही कधी बघितल्या असतील, तर हा माणूस तुम्ही पण बघितला असणार. मेपलच्या झाडाखाली खुर्ची, जुलैत पण डोक्याला मफलर, मांडीवर वही. खोडरबर जवळ ठेवायचेच नाहीत. मी एकदा आणून दिलं तर त्यांनी ते असं परत केलं, जसं काय मी त्यांना लाच देत होतो.

माझी ओळख लवकर संपेल. नववी नापास. मंडळातले बाकीचे कॉम्प्युटरवर आले, मी भावानं पेपर भरले म्हणून आलो. इंडियन ग्रोसरीच्या मागं जे किचन आहे तिथं मी पोळ्या लाटतो. पार्टीत कुणी विचारलं काय करता, तर सांगतो, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहे.

क्रिकेटला ग्राउंड मिळेना म्हणून मंडळानं सॉफ्टबॉल सुरू केलं, बेसबॉलचाच धाकटा भाऊ. पहिल्या मॅचला मी बॉल मारला आणि क्रिकेटसारखी बॅट हातात धरूनच पळालो, आणि फर्स्ट बेसला बॅट टेकवून वर बघितलं, आता शाबासकी मिळणार म्हणून. काका म्हणाले, "बॅट टाक खाली. तलवार घेऊन लग्नाला चाललायस का?" तिथून आमचं जे सुरू झालं ते शेवटपर्यंत.

काका इथं आले त्याला पन्नास वर्षं झाली होती. एका कंपनीत मशीनची ड्रॉइंग काढायचे. पहिल्या वर्षी ओळखीचं कुणी नव्हतं, घरमालकाकडं रेडिओवर बेसबॉल लागायचं, ते ऐकत बसायचे. इंग्लिश पण त्यातूनच शिकले. त्यामुळं बँकेत गेले तरी बोलणं कॉमेंट्रीसारखं, समोरच्याला शेवटची ओव्हर चालू असल्यासारखं टेन्शन यायचं. हे मी म्हणलो, तर म्हणाले, "ओव्हर नाही. इनिंग." बघा. जोकसुद्धा सरळ जाऊ द्यायचे नाहीत.

घरी त्यांच्याकडं जुन्या वह्या होत्या. बेसबॉलच्या मोठमोठ्या प्लेयरांचे होमरन, म्हणजे तिकडचे सिक्सर, वर्षावार, मोत्यासारखं अक्षर. त्यातल्या काही आकड्यांवर बारीक चांदणी काढलेली. छापलेल्या पुस्तकात असते ना, खाली तळटीप आहे म्हणून, तशी. हे कोण, विचारलं. तर म्हणाले, हे औषधं घेऊन खेळले.

झालं. काका दुकानात यायचे मेथी घ्यायला आणि तासभर वाद घालून मेथी विसरून जायचे. मी म्हणायचो, मारले ना त्यांनी? बॉल काय गोळी खाऊन उडतो? औषधानं दंड फुगत असतील, पण बॉल दिसायला नजर लागते, ती कुठल्या बाटलीत मिळते? आणि एवढंच वाईट वाटतंय तर खोडून टाका ना सरळ. ते म्हणायचे, खोडायचं कसं, घडलंय ते. मग चांदणी कशाला, राहू द्या. राहू कसं द्यायचं, खोटं आहे ते. मग खोडा. खोडायचं नाही. माझ्या पोळ्या करपायच्या, मालक आतून बघायचा, आणि हा माणूस शांतपणे कोथिंबिरीची जुडी निवडत उभा.

एकदाच वैतागून म्हणलं, तुमचं काय गेलं हो त्यात? तेव्हा हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाले, "यातल्याच एकाला बघायला मी पोरीला घेऊन ग्राउंडवर गेलो होतो. तिला खांद्यावर उचललं होतं. त्याचं रेकॉर्ड राहू दे नाही तर जाऊ दे. मी टाळ्या वाजवल्या, त्या मला कोण परत देणार?" मी त्यांना मेथी बांधून दिली.

आता माझ्या रेकॉर्डाकडं येतो. हसू नका. पोळ्या लाटून माझा उजवा खांदा गेला होता, हात वर जाईना. डॉक्टरनं एक इंजेक्शन दिलं, आणि त्या सीझनला मी अकरा होमरन मारले. मंडळात एका सीझनला एवढे कुणी मारले नव्हते. शाळेत माझं नाव फळ्यावर एकाच यादीत यायचं, बडबड करणाऱ्यांच्या. पहिल्यांदा चांगल्या यादीत वर आलो होतो, आणि गप्प बसायचं सोडून मी काय केलं, तर दुकानात भर गर्दीत दंड दाखवून म्हणलं, "स्टेरॉइड घेतलंय आपण."

मागं काका उभे होते. हातात मेथी.

पुढच्या रविवारी वहीत माझ्या अकराच्या डोक्यावर चांदणी.

मी काय काय नाही केलं. डॉक्टरचा कागद दाखवला. शेवटी त्यांच्याच पोरीला फोन लावायला लावला. ती मॉरिसव्हिलला डॉक्टर आहे. स्पीकरवर म्हणाली, "बाबा, दॅट्स अ टोटली डिफरंट स्टेरॉइड. ते सूज उतरवायचं असतं, मसल्स बनवायचं नाही."

काका मला म्हणाले, "खांदा दुखायचा थांबला?"

"थांबला."

"मग मदत झाली."

पलीकडून पोरगी म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा," आणि मला बरं वाटलं की वैतागणारा मी एकटा नाही. म्हणलं, काका, तुम्ही चष्मा लावून स्कोअर लिहिता, त्याला काढा की चांदणी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, विचार केला. खरंच विचार केला, हेच तर डोक्यात जायचं.

पंधरा दिवस बोललो नाही मी. मग मंडळाच्या पिकनिकला जेवणं झाल्यावर काका उठले, वही उघडली, आणि पन्नास माणसांसमोर म्हणाले की माझ्याकडून चूक झाली आहे. यानं घेतलेलं औषध सुजेचं होतं. रेकॉर्ड पूर्ण खरं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत बघितलं, तर जुनी चांदणी तिथंच. तिच्या डोक्यावर दुसरी चांदणी, आणि खाली बारीक अक्षरात, 'पहिली चांदणी चुकीची आहे.' म्हणलं, खोडलं असतं तर काय बिघडलं असतं? म्हणाले, "मी चुकलो होतो हे कुणाला कळलं असतं?"

मी वही मिटून परत दिली. कारण तुम्हाला सांगतो, अकरातला एक होमरनच नव्हता.

आमच्या ग्राउंडला कुंपण नाही, नारिंगी कोन लावलेले असतात. बॉल वरून थेट गेला तर होमरन, एक टप्पा पडून गेला तर फक्त दोन बेस. आपल्याकडं सिक्स आणि फोर, तसंच. माझा अकरावा टप्पा पडून गेला. तिकडं फील्डिंगला जो उभा होता त्याला नेमका व्हिसाच्या वकिलाचा फोन आलेला, तो बॉलकडं पाठ करून यस सर, यस सर करत होता. काकांच्या डोळ्यावर ऊन होतं. त्यांनी मलाच विचारलं, टप्पा पडला का रे? मी पळता पळता म्हणलं, नाही काका.

पिकनिकच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. म्हणलं, आता खुशाल नवी चांदणी काढा, एक कमी करा, काय करायचं ते करा.

काकांनी वही उघडलीच नाही. टेबलावरचे दाण्याचे फोल एका बाजूला केले. मग म्हणाले, "चांदणी औषधाची आहे. मला तोंडावर खोटं सांगितलं, त्याला माझ्याकडं खूण नाही. ते तू सांभाळ."

मी वैतागलो. सुजेच्या इंजेक्शनला चांदणी देतो हा माणूस, आणि चोर समोर येऊन हात पुढं करतोय तर बेडी नाही म्हणतो. घरी येऊन बायकोला म्हणलं, या माणसाशी कसं वागायचं तेच कळत नाही. ती म्हणाली, त्यांना पण तोच प्रश्न पडला असेल.

त्या थंडीत काका गेले. पोरगी येऊन वह्या घेऊन गेली. आता स्कोअर फोनच्या ॲपवर ठेवतात, तिथं सगळ्यात वर माझं नाव आणि अकरा. ॲपवर चांदणी काढता येत नाही, मी शोधून बघितलं.

मागच्या सीझनला रियाचे अकरा झाले. इथंच जन्मलेली पोरगी, ॲम्ब्युलन्सवर काम करते, बॉल असा मारते की माझा खांदा नुसता बघून दुखतो. शेवटच्या मॅचला मी तिच्याविरुद्ध फील्डिंगला, कोनाजवळ. मनात म्हणत होतो, मार बाई, बारावा मार, मला सोडव. तिनं मारला. बॉल माझ्या डोक्यावरून गेला, मी मुद्दाम हळू पळालो, आणि तो कोनाच्या वीतभर अलीकडं पडून बाहेर गेला. बाकी कुणाला दिसलं नाही. ॲपवाला पोरगा लांबून मलाच ओरडून विचारत होता, हल्ली काका म्हणतात मला, काका, टप्पा पडला का?

नाही म्हणलं असतं तर मी सुटलो असतो.

"पडला," म्हणलं.

रिया सेकंड बेसवर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "वॉव, काका," म्हणाली, "रेकॉर्ड वाचवलंत स्वतःचं." सगळे हसले. मी पण हसलो, दुसरं काय करणार. मेपलखाली काकांच्या खुर्चीच्या जागी बघितलं, तिथं आता कोल्ड्रिंकचा बॉक्स असतो.