समोरच्या काकांची काळजी

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीतल्या समोरच्या काकांइतका काळजी करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि त्याचं खापर मी सरळ त्यांच्या नास्तिकपणावर फोडतो. कचेरीतून आले की ते दोनशे वर्षांपूर्वी धर्मपीठाशी भांडलेल्या फ्रेंच पंडितांची जाडजूड पुस्तकं उघडून बसत. देव नाही हे त्यांना तिथेच पटलं. पण मग जगाकडे लक्ष कोण देणार? ते काम काकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. बाकीची चाळ ‘तो बघतोय’ म्हणून निवांत. काका मात्र रोज सकाळी जिन्याचा कठडा हलवून बघत, रस्त्यातली केळ्याची सालं छत्रीच्या टोकानं बाजूला सारत. गणपतीच्या आरतीला सगळे डोळे मिटून उभे, आणि काका निरांजनाजवळच्या पडद्यावर डोळे वटारून, हातात पाण्याची बादली!

“देव नाही मानला तर माणूस चांगला वागेल कशाला?” आई त्यांना चिडवायची.

“पोरं पडू नयेत म्हणून कठडा बघतो, वहिनी. त्याला देव कशाला लागतो?”

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ती दुपार. दादा मोर्चाला गेलेला, आणि गोळीबाराची बातमी गल्लीत आली. आईनं देव्हाऱ्यातले देव उचलून घंगाळातल्या पाण्यात ठेवले. दादा घरी येईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. समोरच्या दारात काका चपला चढवत होते.

“काका, बाहेर लाठ्या चालल्यात!”

“तुझ्या आईचा देव असता तर त्यालाच धाडला असता. नाही, म्हणून मला जायला हवं.” छत्री घेऊन ते उतरले. जाताना कठडा हलवायला विसरले नाहीत.

तासाभरानं दादा एकटाच आला, गुडघा फोडून घेऊन. काका त्याला भेटलेच नव्हते. आई रडली, हसली. मी देव काढायला पाण्यात हात घातला, तर तिनं तो धरला.

“राहू दे. अजून एक माणूस यायचाय.”

दिवेलागणीला काका आले. छत्री मोडलेली, एक चप्पल गायब. दादाला बघून ते मटकन खाली बसले. मग घंगाळाकडे लक्ष गेलं.

“पोरगा आला ना? मग हे अजून पाण्यात का?”

“तुमच्यासाठी, भावोजी.”

फ्रेंच पंडितांपैकी एकही त्यांच्या मदतीला धावला नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि एकेक देव बाहेर घेऊन पुसला. “दुपारपासून पाण्यात! गारठले असतील,” ते पुटपुटले.

काका जाऊन खूप वर्षं झाली. देव आहे की नाही, माझं अजून ठरलेलं नाही. पण कुठलाही जिना उतरताना मी आधी कठडा हलवून बघतो.