'राहू दे' म्हणजे काय

मी गोलकीपर झालो तो आळसामुळे. कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीत आम्ही राहायचो, वडील धरणावर नोकरीला. वसाहतीच्या मैदानाची एक बाजू उताराला होती. चेंडू त्या बाजूनं गेला की तो आणायला पार ओढ्यापर्यंत उतरावं लागे, आणि सगळ्यांत लहान म्हणून ते काम माझ्याकडे. म्हणून मी त्या बाजूच्या गोलातच उभा राहू लागलो आणि चेंडू जाऊच देईना. ही गोष्ट मी आजवर कुठल्या मुलाखतीत सांगितलेली नाही, कारण माझी मुलाखत कुणी कधी घेतली नाही.

पुढं वीसेक वर्षं मी जिथं बोलावतील तिथं फुटबॉल खेळलो. साताऱ्यात एका सरकारी खात्याच्या संघात, कोरेगावात एका मंडळाकडून, कोल्हापुरात एका तालमीच्या संघात अख्खा हंगाम बाकावर बसून, आणि शेवटी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या संघात. पहिल्या पसंतीचा मी फारसा कुठं नव्हतो. कुणाचं बोट मोडलं किंवा कुणाचं लग्न निघालं की मला निरोप यायचा. बॅग कायम भरलेली असायची. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस विचारायचा, काय करता? गोलकीपर आहे म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "व्हय, पर काम काय करता?"

आता मी सांगलीत प्रशिक्षक आहे. कृष्णेच्या काठाजवळ मैदान आहे, सकाळी कॉलेजच्या मुली येतात, संध्याकाळी मुलं. गुडघे गेले, पण चौकशा करायची खोड काही गेली नाही. बायको म्हणते, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. गेल्या दोनेक वर्षांत मला नवाच नाद लागला आहे. कीपर ओरडतात ते शब्द मी वहीत लिहून ठेवतो.

सांगतो काय ते. चेंडू गोलाकडे येतोय, गोलापुढं राखण करणारा आपला बॅक त्याच्यावर धावतोय आणि मागून कीपरही निघालाय. अशा वेळी कीपरनं एकच शब्द ओरडायचा असतो, की तू बाजूला हो, हा मी घेतो. प्रशिक्षणाच्या वर्गात यासाठी एक इंग्रजी शब्द शिकवतात. मैदानात तो कुणाच्या तोंडात येत नाही. जीव मुठीत धरून पळताना माणूस घरचंच बोलतो. सांगलीच्या पेठांतली मुलं 'सोड' म्हणतात. सुट्टीवर आलेला एक फौजी आमच्याकडे खेळायचा, तो 'छोड' म्हणायचा. जतच्या बाजूची पोरं 'बिडो' म्हणतात, कानडीत त्याचा अर्थ 'सोड रे'. कोरेगावची एक मुलगी नुसतं 'आई' म्हणून किंचाळायची आणि दोन्ही संघ बाजूला व्हायचे. तिला सुधारायच्या भानगडीत मी पडलो नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी सरावात चेंडू उंच आला. बॅकची मुलगी त्याच्याखाली गेली आणि मागून कीपर ओरडली, "राहू दे, राहू दे." बॅकनं चेंडू झकास पायाखाली घेतला आणि ती तिथंच उभी राहिली. कीपर येऊन तिच्यावर आदळली, दोघी पडल्या, आणि समोरच्या मुलीनं चेंडू रिकाम्या गोलात ढकलला.

मी विचारलं, "तू थांबलीस कशाला?"

"सर, ती म्हणाली राहू दे. म्हणून मी ठेवला माझ्याकडं."

कीपर गुडघा चोळत म्हणाली, "राहू दे म्हणजे सोड ना गं. मी घेते, तू राहू दे."

दोघींचं बरोबर होतं. पाहुणीनं भांडी घासायला घेतली की आपण म्हणतो, राहू दे. म्हणजे हात लावू नको. आणि कुणी उसना घेतलेला डबा परत द्यायला आलं तरी म्हणतो, राहू दे. म्हणजे तुझ्याकडेच ठेव. एकाच शब्दात सोड पण आहे आणि ठेव पण आहे. मुली हसत सुटल्या. मीही हसायला हवं होतं. पण हा गोल मी आधी पाहिलेला होता. तो माझ्यावरच झाला होता.

कारखान्याच्या संघात माझ्यापुढं एक बॅक खेळायचा. आटपाडीच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याच वयाचा. चार हंगाम आम्ही एका खोलीत राहिलो. तो माझी भाकरी थापायचा आणि मी त्याची पत्रं वाचून दाखवायचो, कारण होणाऱ्या बायकोचं अक्षर त्याला लागत नसे. दोघंही हंगामी कामगार. त्या वर्षी संघातल्या एकालाच कायम करणार, असं वरून कळलं होतं, आणि आमच्या दोघांतलाच कुणीतरी, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यावर एकमेकांची चेष्टाही करायचो.

मग सांगलीतला तो सामना आला. शेवटची काही मिनिटं, बरोबरी, लांबून मारलेला चेंडू. तो चेंडूवर गेला, मागून मी ओरडत निघालो, तो चेंडू पायाखाली घेऊन थांबला, मी त्याच्यावर आदळलो आणि गोल झाला. आम्ही हरलो.

दोन दिवसांनी संघाचं बघणाऱ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. मी सांगितलं, "साहेब, मी 'सोड' म्हणून ओरडलो. यानं ऐकलं नाही." तो म्हणाला, "न्हाई साहेब. ह्यो ठिव म्हणला." आता, 'ठेव' असं मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो. मला त्याचा राग आला. मैत्री मैत्रीच्या जागी, पण तोंडावर खोटं बोलतो म्हणजे काय? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." हंगाम संपल्यावर त्याला पुढच्या वर्षीचं बोलावणं आलं नाही. मी कायम झालो. तो खोली सोडून गेला तेव्हा मी मुद्दामच मैदानावर थांबलो होतो. त्यानंतर आमची गाठ नाही.

इतकी वर्षं मी हा किस्सा पोरांना सांगत आलोय. ऐकणारा बॅक कसा हवा, याचा धडा म्हणून. पण त्या सकाळी 'राहू दे' कानावर पडलं आणि मी घरी आलो, तर माझी वही उघडी होती. त्यात पन्नासेक कीपरांचे शब्द होते, माझा नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी काय ओरडायचो? आई आठवली. शेजारीण मदतीला आली की आई म्हणायची, राहू दे, मी करते. दिवसातून दहा वेळा. मी नक्की काय ओरडलो असेन, याची मला शंका यायला लागली, आणि शंका आली की मला चैन पडत नाही.

आठवडाभरानं मी मोटारसायकल काढली आणि आटपाडीकडे गेलो. खरं सांगतो, माफी मागायला गेलो नव्हतो. मला त्याच्या कानात काय पडलं ते हवं होतं.

गावाच्या स्टँडवर दोघं-तिघं बसले होते. मी त्याचं नाव सांगून घर विचारलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक जण म्हणाला, "कोण, भैऱ्या व्हय? वढ्याच्या पल्याड, डाळिंबाच्या बागंत." बहिरा झाला म्हणून मला फार वाईट वाटलं. म्हणजे तेव्हापासूनच कानात दोष असणार, असंही मनात आलं, आणि कबूल करतो, जरा बरंही वाटलं. तसं असेल तर दोष कुणाचाच नव्हता.

तो बागेच्या बांधावर उभा होता. केस पांढरे, पण उभं राहायची ढब तीच, एका पायावर भार टाकून. मी जवळ गेलो आणि हातवारे करत मोठ्यानं म्हणालो, "ओळखलंस का?"

"वळीखलं की," तो म्हणाला. "वरडतूस कशाला? ऐकू येतंय मला."

मी गोंधळलो. "ते स्टँडवर भैऱ्या म्हणाले."

"म्हणत्यात." त्यानं हातातली कात्री खिशात घातली. "कारखान्यासनं मी घरला यायच्या आदी बातमी आलती. गोलीनं हाक मारली, ह्याला ऐकू आली न्हाई, म्हून काढला. तवापास्नं भैऱ्या. पोरीची सोयरीक जुळवताना बी त्या लोकांनी इचारलं, बाप भैरा हाय म्हनं, पोरीत तसलं काय न्हाई न्हवं?"

त्यानं हे हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. जी गोष्ट मी पोरांना धडा म्हणून सांगत होतो, ती या माणसाचं गावातलं नाव होऊन बसली होती. आम्ही घरापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसलो. आत त्याची बायको चूल फुंकत होती. मी एकदाचं विचारलं, "त्या दिवशी तुला नेमका कुठला शब्द ऐकू आला? अर्थ नको सांगू. शब्द सांग."

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "ऱ्हाऊ दे म्हणलास. दोनदा. मी ठिवला."

"मग साहेबांपुढं 'ठेव' का म्हणालास?"

"साहेबानं आदी मला एकट्याला बलिवलं हुतं. सोड म्हणला का ठिव म्हणला, एवढंच सांग म्हणाले. म्हणलं, ठिव. मग तुज्यापुढं बी त्येच म्हणलो. आमच्यात मेंढराचं पिल्लू कुणाला दिलं आन त्यो नगं म्हणाय लागला, की आमी म्हणतो, ऱ्हाऊ दे. म्हंजे तुजं झालं. मला दुसरा अर्थ सुचला बी न्हाई गड्या."

तर साहेबांच्या खोलीत आम्ही दोघंही भांडलो ते मैदानात न उच्चारलेल्या शब्दांवरून. खरा शब्द तिथं निघालाच नाही. मला याचं इतकं नवल वाटलं की मी तिथंच थांबलो असतो, घरी येऊन वहीत लिहिलं असतं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो असतो. पण त्यानं विचारलं, "आता माजं इचारतो. साहेब 'नक्की?' म्हणले, तवा तुला ठावं हुतं का न्हवतं?"

मला साहेबांची ती खोली आठवली. टेबलावरची काच आणि तिच्याखाली ठेवलेलं कॅलेंडर. 'साहेब, मी' असं म्हणाल्यावर माझ्या तोंडात आधी 'राहू दे' आलं होतं. ते मी गिळलं. साहेब शिकलेले, त्यांच्यापुढं असला घरगुती शब्द काय सांगायचा, असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं, की राहू दे म्हणालो असं सांगितलं तर चूक माझ्याकडे येईल. यातलं पहिलं कुठलं वाटलं, हे मला खरंच सांगता येत नाही. पुढं 'सोड' इतक्यांदा सांगितलं की तेच खरं झालं.

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "त्या वेळी ठाऊक होतं. नंतर विसरलो."

त्यानं मान हलवली. शिव्या देईल असं वाटत होतं, दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यानं आत तोंड करून हाक मारली, "आगं, हिकडं ये जरा." ती पदराला हात पुसत दारात आली. तो मला म्हणाला, "हिला सांग. जसं मला सांगितलंस तसंच."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. काय ओरडलो, त्याचा यानं काय अर्थ लावला, साहेबांपुढं मी काय बदललं. माझ्या आयुष्यात मी इतका सावकाश कधी बोललो नव्हतो.

"म्हंजे ह्यास्नी ऐकू आलं हुतं," ती म्हणाली.

"हो वहिनी. बरोब्बर ऐकू आलं होतं."

ती त्याच्याकडे वळली. "आवं, मग तुमी मला कवा सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं हुतं की," तो म्हणाला. "लगीन झालं त्या सालीच. तू म्हणलीस, समदं जग खोटं आन तुमी तेवढं खरं व्हय."

ती आत गेली, आणि चहाचे दोन कप घेऊन आली. पाहुण्याला आधी द्यायची रीत असते, म्हणून मी हात पुढं केला. ती माझ्यावरून पुढं गेली आणि पहिला कप तिनं त्याच्या हातात दिला.