मंठ्याच्या रस्त्यावरचे खून आणि अण्णांची शाळा

मंठ्याच्या रस्त्याला एकट्यादुकट्या वाटसरूंचे मुडदे सापडू लागले, तेव्हा मी जालन्याच्या अदालतीत एका वकिलांच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. लुटालूट म्हणावी तर मेलेल्याचा कमरेचा पैशाचा कसासुद्धा सोडलेला नसायचा. गळा आवळलेला आणि दोन्ही हातांचे अंगठे सुतळीनं एकमेकांना बांधलेले. भुताखेतांपासून दरोडेखोरांपर्यंत सगळं बोलून झालं गावाचं. मला मात्र अंगठ्यांचं ऐकल्यापासून दुसरं काही सुचेना. तसे बांधलेले अंगठे बघतच मी लहानाचा मोठा झालो होतो.

माझे वडील, अण्णा, जुन्या जालन्यात मराठी शाळा चालवीत. पाढा चुकला की पोराचे अंगठे बांधायचे, दोर आढ्यावरून टाकायचा आणि टाचा उचलल्या जाईपर्यंत वर ओढायचं. मीही टांगला गेलो आहे. मास्तर असावा तर असा, म्हणायचे लोक, आणि रडणाऱ्या पोरांना ओढत आणून आमच्या ओट्यावर सोडायचे.

खुनी धरला गेला, अदालतीत आणला. बघतो तर माझ्याच शाळेतला, माझ्याच बरोबरीचा! आईबाप लहानपणीच गेलेले, चुलता चटके द्यायचा. पुढे कोणाचा तरी तांब्या उचलला म्हणून त्याला पोरांच्या तुरुंगात धाडलं, एवढंच आम्हाला माहीत होतं. मला ओळखून तो हसला, अगदी शाळेत हसायचा तसा.

निजामाचं राज्य, अदालतीचा कारभार सगळा उर्दूत. मॅजिस्ट्रेटसाहेबांना मराठी येईना आणि ह्याला उर्दू. साहेबांनी तर्जुम्याला, दुभाष्याच्या जागी, मलाच उभं केलं.

“का मारलंस त्यांना?” मी विचारलं.

“हात जोडाय लागले की डोकं फिरायचं माझं,” तो म्हणाला. “मी बी जोडल्ते. शाळेत टांगलं तवा जोडले, तुरुंगात जमादारानं टांगलं तवा जोडले. तिथं तर आवाज बंद होईस्तोवर खाली घ्यायचे न्हाईत. माझं कोणी ऐकलं न्हाई. मंग मी कामून ऐकू?”

ह्या माणसानं निरपराध माणसं मारली होती. तरी हे उर्दूत सांगताना माझी जीभ अडखळत होती. शाळा कोणाची, साहेबांनी विचारलं. त्यानं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. “ह्यांच्या वडलांची.”

साहेब माझ्याकडे बघत होते. “मेरे वालिद की,” मी म्हणालो.

मला वाटलं होतं, आता सगळी अदालत हादरेल. कसलं काय! साहेब म्हणाले, मारल्याशिवाय का पोरं शिकतात, जबानीत हे लिहायची जरूर नाही. वकीलमंडळी हसली. एकानं तर आपल्या मास्तरानं मिरच्यांची धुरी कशी दिली ते कौतुकानं सांगितलं. एवढी शिकलेली माणसं, आणि एकालाही त्यात काही वावगं दिसू नये?

घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. खून त्यानं केले, ह्यात मला शंका नव्हती. पण त्याला तसा करण्यात माझ्या बापाचा किती हात, हे कळल्याशिवाय मला त्या घरात जेवण गेलं नसतं.

“अण्णा, त्यानं आज तुमचं नाव घेतलं.”

“माझं? मी काय गळे दाबायला शिकवलं त्याला?” अण्णा भडकले. “तूही तोच मार खाल्लास. तू कुठं कोणाचा जीव घेतलास?”

“मला टांगलं की आई रात्री हळद लावायची. त्याला कोण लावणार होतं? आणि सगळ्यांत जास्त तुम्ही त्यालाच टांगायचात. पाढे तर त्याला आमच्याहून चांगले यायचे. मग का?”

अण्णा नाकारतील, निदान ओरडतील तरी, असं वाटलं होतं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि, जसं काही जगजाहीरच आहे, अशा आवाजात म्हणाले, “तुमच्या अंगावर वळ जास्त उठले तर तुमच्या आया दारात येऊन उभ्या राहायच्या. त्याच्यासाठी कोण येणार होतं?”