कुरकुर आक्कांची तालीम

कुरकुर आक्का एकदा एका लग्नाहून फार खिन्न चेहऱ्यानं परतल्या. जेवण उत्तम होतं, नवरी देखणी होती, बसायला खुर्च्या होत्या. "नाव ठेवायला जागाच ठेवली नाय मेल्यांनी," म्हणाल्या, आणि ही तक्रार त्यांनी आठवडाभर पुरवली.

त्यांचं माहेर घोटीपलीकडच्या एका भाताच्या गावात. सासर आमच्या पंचवटीत, फुलमळेवाल्यांचं. सकाळी शेवंतीची टोपली आमच्या ओट्यावर टेकवून त्या आधी पावसाबद्दल, मग देवाबद्दल आणि शेवटी माझ्याबद्दल कुरकुरत. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि गणपतीत नाटकं करायचो. "आवाज मोठा, अक्कल बारीक," हा माझ्या अभिनयावरचा त्यांचा अभिप्राय. मिळालेल्या बक्षिसांपेक्षा तोच माझ्या जास्त लक्षात राहिला आहे.

नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांच्या छातीत गाठ निघाली. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधी असेल. आक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. नंतर रोजच. "मला पटत नाय," म्हणत बाकावर बसून राहायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला गाठीची हकीकत ऐकवायच्या. अखेर बाईंनी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं. निम्मं शंकेपोटी, निम्मं बाक मोकळा व्हावा म्हणून. गाठ साधी नव्हती, पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. "पहिले बरे होते," असं त्या केसांबद्दलही ऐकावं लागलं.

काही वर्षांनी आक्का भाऊबीजेला माहेरी गेल्या आणि भावजयीला, तुळसाला, सोबत घेऊनच परतल्या. तुळसा गावात सगळ्यांची लाडकी, कारण तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. हंडा उचलताना ती डावा हात अंगाशी आवळून धरते, हे आक्कांनी पाहिलं होतं. तिच्याही छातीत गाठ होती, वर्षभर जुनी. आठवड्यातून एकदा गावात डॉक्टर यायचा, गोळ्या द्यायचा आणि पुढच्या खेपेला विचारायचा, बरं आहे का? तुळसा म्हणायची, "बरं हाय."

"असं का म्हणायचात?" आक्कांच्या घरी तिला भेटलो तेव्हा मी विचारलं.

"येवढ्या लांबून यायचा बिचारा," तुळसा म्हणाली. "त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊठ. तू डॉक्टर हो."

मी गळ्यात पंचा अडकवला, खुर्चीत बसलो आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काय होतंय?"

"काय नाय," तुळसा पदर सावरत म्हणाली.

"काय नाय तर कशाला आलीस, हळदीकुंकवाला?" आक्का कडाडल्या. "पुन्हा."

"कसं वाटतंय?"

"बरं हाय, साहेब. तुमचं कसं हाय?"

मला हसू आलं, तर आक्कांनी डॉक्टरालाही दम भरला. बऱ्याच फेऱ्या झाल्या. मग तुळसा फरशीकडे बघत म्हणाली, "दुखतं. वरीस झालं. रातचं कुशीवर वळता येत नाय."  पंचा काढायचंही मला सुचलं नाही.

"आता हेच म्हणायचं," आक्का हळू आवाजात म्हणाल्या.

दवाखान्यात तुळसा तेच बोलली, एकही शब्द न गाळता. डॉक्टरांनी तपासलं आणि आक्कांना बाहेर बोलावून सांगितलं, फार उशीर झालाय. पुढचे महिने उपचारांसाठी मुंबईच्या फेऱ्यांत गेले. मुंबईची गाडी तुळसाच्या खाचराशेजारून रोज धडधडत जायची, तिथं थांबायची मात्र नाही. त्यामुळे ती आक्कांकडेच राहिली. राहता राहता तक्रार करायला शिकली. उशी टणक हाय, चहा पाणचट हाय, वन्सं घोरतात. आक्का हे सगळं आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगायच्या. भाताच्या लावणीआधी तुळसा गेली.

"तुम्ही भांडलात म्हणून वाचलात," मी सांत्वनासाठी म्हणालो.

"माझं भांडण ऐकायला डॉक्टरीण रोज हजर व्हती," आक्का म्हणाल्या. "तुळसानं कोणाशी भांडायचं व्हतं, म्हशीशी?"

दहाव्याला मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. विधी आटोपल्यावर बायका माजघरात बसल्या होत्या. आक्का त्यांच्या मधोमध जाऊन बसल्या. "कोणाला काय होतंय, सांगा." प्रत्येकीनं मान हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. बाहेर घोटीला जाणारी शेवटची जीप हॉर्न वाजवत होती. मी घाई करू लागलो.

"जाऊ दे ती," आक्का म्हणाल्या. "आणि तू बाहेर हो. गड्यासमोर कोण बोलंल?"

मी अंगणात येऊन उभा राहिलो. जीप निघून गेली.  मग आतून एक दबका आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं आक्का दारात आल्या. त्यांच्या पाठीशी एक तरणी बाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"उद्या सकाळच्या जीपमध्ये तीन जागा सांगून ठेव," आक्का म्हणाल्या. "आम्हा दोघींना आत. तू टपावर बसलास तरी चालंल."