आबामामांचा मंगळवारचा फोन

मी माझ्या मामांना कामावरून काढलं होतं.

काल दुपारी नार्व्याच्या घरी ते वारले.

आबामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पणजीत पोर्तुगीज शाळेत शिकले, पहिल्या नंबराने. मग गोवा मुक्त झाला आणि त्या शिक्षणाला विचारणारं कुणी उरलं नाही. विसाव्या वर्षी इंग्रजी ए-बी-सी गिरवायला बसले. पुढे डिचोलीकडच्या एका खाणीवर जन्मभर ट्रकांचे नंबर लिहिले.

त्यांच्या तोंडून पोर्तुगीज मी कधीच ऐकलं नव्हतं.

माझा बाळांच्या कपड्यांचा छोटा ब्रँड. मांद्र्याच्या एका गेस्टहाऊसमधल्या खोलीत सुरू केलेला. गिऱ्हाइकं सगळी परदेशी आया. सीझन संपला की घरी जाऊन ऑनलाइन ऑर्डर द्यायच्या. म्हणून कपडे तिकडेच शिवून घ्यायचं ठरवलं. पोर्तुगालच्या उत्तरेला एक घरगुती फॅक्टरी सापडली. इतके थोडे नग शिवायला तेवढी एकच तयार झाली.

पहिलं सँपल आलं. बाळाचं डोकं गळ्यातून जाईना.

तीन ईमेल केले. तिन्हींना उत्तर एकच. ओके, ओके.

दुसरं सँपलही तसंच.

रडकुंडीला येऊन नार्व्याला गेले.

"मामा, एक फोन करून द्याल?"

"ती भास माका आता येना गो."

"दोनच वाक्यं, मामा."

"ना म्हटलें मगे!"

उठून आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून.

"अहो, फोनवर काही दिसत नाही."

"जाणां. लाव तू."

पलीकडे दोना अमेलिया, म्हणजे अमेलियाबाई. मालकाची बायको, पॅटर्न कापणारी. तिला पोर्तुगीजशिवाय काही येत नाही. मामा आधी अडखळले. दोनदा माफी मागितली असावी. मग जे बोलायला लागले ते चाळीस मिनिटं.

मला एकच शब्द कळला. बुतांव. आपण घरी शर्टाच्या बटनाला म्हणतो तोच. खांद्यावर दोन बुतांव लावले की गळा उघडतो, एवढं ठरलं.

मामांनी फोन ठेवला.

"पन्नासाच्या वयर वर्सां जालीं," एवढंच म्हणाले.

मग दर मंगळवारी दुपारी तीनला फोन. माझं बघून मांद्र्याची स्विमवेअरवाली आली, पार्स्याचा शर्टवाला आला. मामा त्यांच्याही सँपल, साइज, डिलिव्हरीचं बोलायचे. कापड धुतल्यावर किती आटतं हे विचारायला शब्द नव्हता, तो अमेलियाकडूनच शिकले आणि वहीत लिहून ठेवला. आमच्या तिन्ही ब्रँडचा पहिला माल त्यांच्यामुळे नीट आला.

पण फोन लांबायचे. तिकडचा पाऊस. तिचे गुडघे. मामांचे काजू.

मी घड्याळ बघत बसायचे.

मग अमेलियाचा मुलगा फॅक्टरीत आला. फर्डं इंग्लिश. व्हॉट्सॅपवर दोन मिनिटांत रिप्लाय.

"मामा, आता तुम्हाला त्रास नको. मुलगा इंग्लिश बोलतो."

"बरें जालें. माजे कानय आता जड जाल्यात."

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू. बाकी दोघांनाही मीच त्या मुलाचा नंबर दिला.

दोन वर्षं झाली त्याला.

काल त्यांची सून, सुषमावहिनी, म्हणाली, "मंगळवारी दुपारी ते निजत नव्हते गो. फोन मांडीवर घेऊन बसत."

"मग लावायचा ना! नंबर होता ना त्यांच्याकडे?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, काम नसताना बाईमाणसाला कसा फोन करायचा?"

आज मी पोर्तुगालला फोन केला. मामा गेल्याचं मुलाने आईला सांगितलं. मग तिचा आवाज आला, आणि मुलगा इंग्लिशमध्ये म्हणाला, "आई विचारतेय, त्यांनी बोलणं का थांबवलं? तिला वाटायचं, आपल्या तोंडून काहीतरी लागेल असं गेलं."

"नाही," मी म्हटलं. "मी थांबवलं."

त्याने ते तिला सांगितलं की नाही, मला कळलं नाही.

आबामामा, त्रास तुम्हाला होत नव्हता. घाई मला होती.

हे तुमच्यासमोर बसून बोलायला हवं होतं.

शेवटचा नमस्कार.