ब्रेकचं तेल

तुळजापूर-सोलापूर मोटारीवर मला ड्रायव्हर केलं ते आमच्या उस्तादांनी. मालकाच्या तिन्ही मोटारींची दुरुस्ती त्यांच्याकडंच असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. वरून चांगलं दिसलं तरी वर्षाला समदं काढून नवं भरायचं. नुसती भर घालून भागत न्हाय."

लढाईमुळं तेल मिळेनासं झालं होतं. त्या वर्षी नवरात्राआधी मी सोलापुरात चार दुकानं धुंडाळून एक सीलबंद डबा मिळवला. संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्याच्यावर शिक्का बसला, आणि मी तो उस्तादांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बदललं रे. बिनघोर जा."

मी तपासलं नाही. उस्तादांचं काम तपासायचं, हे मनातही आलं नाही.

तिसऱ्या माळेला यात्रेकरूंनी भरलेली मोटार घेऊन घाट उतरत होतो. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट फळीला टेकला. खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि मोटार डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. एका म्हातारीचा हात मोडला. तीच मला विचारत होती, "लेकरा, तुला लई लागलं का?"

माणसं दुसऱ्या मोटारीनं पाठवून मी चाकापाशी नट ढिला केला. तेल गढूळ, काळपट आलं. जुनंच होतं.

उस्तादांनी नुकतीच भागीत एक टॅक्सी घेतली होती. संशय आला म्हणून पाहिलं, तर तिच्या सीटखाली माझा डबा सापडला, शिक्क्यासकट. रिकामा. तो घेऊन मी मालकासमोर उभा राहिलो. उस्तादही तिथंच होते.

"उस्ताद, तेल बदललं होतं का तुम्ही?"

"बदललं होतं," ते मालकाकडं बघत म्हणाले. "ह्यो समदा घाट ब्रेकवर पाय ठिवून उतरतो. मग काय व्हईल?"

मी डबा पुढं केला. "असले डबे शंभर असतात," म्हणून मालकानं मलाच घरी बसवलं.

बाहेर आल्यावर उस्ताद हळू आवाजात म्हणाले, "तुझं जुनं तेल अजून सहा महिने चाललं असतं, असं वाटलं रे मला." बस, एवढंच.

पुढं मी नळदुर्गकडच्या मोटारीवर लागलो. एकदा रस्त्यात त्यांची टॅक्सी समोरून आली. त्यांनी हात वर केला. सवयीनं माझाही गेला. नंतर कितीतरी वेळ मला माझ्या त्या हाताचाच राग येत राहिला.